कालव्याकाठ आणि कॉन्व्हेंट: दख्खनमधील कॅथलिक शिक्षिका-भगिनींच्या इतिहासाचा आढावा

बारामतीहून नीरेकडे जाताना लागणारे कोऱ्हाळे बुद्रुक हे गाव नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर वाढले. १८७६–७८ च्या दुष्काळात सरकारने जी मोठी मजुरीची कामे काढली, त्यांत या कालव्याची खोदाई होती. १८८५ च्या सुमारास पाणी वाहू लागले आणि पुढे बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला. त्याच दुष्काळाच्या शेवटी, १८७८ मध्ये, भीमेपलीकडे नगर जिल्ह्यात जर्मन जेझुइट धर्मगुरूंनी केंदळच्या परिसरात कॅथलिक मिशन सुरू केले. एकाच दुष्काळाने नीरेकाठाला कालवा दिला आणि मुळाकाठाला मिशन.

या आढाव्याचा प्रश्न तिथून सुरू होतो. कॅथलिक शिक्षिका-भगिनींनी महाराष्ट्रात घरे वसवली ती कुठे, कशी आणि कुणासाठी? या कामाचे मोल ठरवताना अभ्यासकांत मतभेद कुठे आहेत? पुण्याचे जीझस अँड मेरी कॉन्व्हेंट, वांद्र्याचे किंवा पाचगणीचे सेंट जोसेफ कॉन्व्हेंट ही नावे मराठी मध्यमवर्गाला ठाऊक असतात. ती चालवणाऱ्या बायका कोण होत्या, कोणत्या नियमाने राहत होत्या, पगार कुठे जात होता, खेड्यात त्या का आल्या किंवा का आल्या नाहीत, यावर मराठीत फार थोडे लिहिले गेले आहे. जे लिहिले गेले ते बहुधा एक तर शताब्दीच्या स्मरणिकेत किंवा धर्मांतराच्या वादात. या दोन टोकांच्या मध्ये असलेले बरेच साहित्य हाताशी आहे, आणि त्याची एकत्र मांडणी होणे गरजेचे आहे.

मठाच्या भिंतीपासून वर्गापर्यंत

कोकणी-मराठी प्रदेशातला पहिला मोठा स्त्रीमठ शिकवण्यासाठी उभारलेला नव्हता. जुन्या गोव्यात आर्चबिशप आलेशु द मेनेझिस यांनी १६०६ मध्ये सांता मोनिका मठाची स्थापना केली. ऑगस्टिनियन पंथाचा हा मठ आशियातील पहिल्या स्त्रीमठांत गणला जातो. तिथल्या जोगिणी बंदिस्त राहत. बाहेर पडणे नाही, बाहेरच्याने आत येणे नाही. प्रार्थना हेच काम. पोर्तुगालमध्ये १८३४ मध्ये धर्मसंघ बरखास्त झाले, नव्या उमेदवार घेण्यावर बंदी आली आणि मठ हळूहळू रिकामा होत गेला. शेवटची जोगीण १८८५ मध्ये वारली.

बंदिस्तपणाचा हा नियम गोव्यापुरता नव्हता. बोनिफेस आठवे यांच्या १२९८ च्या आदेशापासून आणि सोळाव्या शतकातल्या ट्रेंट परिषदेनंतर अधिकच कडकपणे, चर्चच्या लेखी खरी व्रतस्थ स्त्री म्हणजे भिंतीआड राहणारी स्त्री. रस्त्यावरून चालत शाळेत जाणारी, हिशेब लिहिणारी, पालकांशी बोलणारी ‘सिस्टर’ या चौकटीत बसत नव्हती. बिशपच्या परवानगीने, साध्या व्रतांवर अशा स्त्रिया राहत आणि काम करत. रोमने त्यांना पूर्ण अर्थाने ‘धर्मसंघीय’ म्हणून मान्यता दिली ती लिओ तेरावे यांच्या १९०० च्या फर्मानाने. म्हणजे पुण्यात आणि वांद्र्यात शाळा चालवून चाळीस वर्षे होत आली, तेव्हा कुठे चर्चच्या कायद्यात त्यांना पक्की जागा मिळाली. मिशनच्या इतिहासात हा तपशील सहसा सुटतो, पण तो महत्त्वाचा आहे. या स्त्रियांना काम करण्याचा अधिकार वरून आयता मिळाला नव्हता. त्यांनी काम आधी केले, कायदा मागून आला.

या बदलामागे फ्रान्स आहे. क्रांतीनंतर उद्ध्वस्त झालेल्या कॅथलिक फ्रान्समध्ये स्त्रियांच्या संघांची जणू लाट आली. क्लोद लांग्ल्वा यांच्या १९८४ च्या अभ्यासानुसार १८०० ते १८८० या काळात तिथे सुमारे ४०० नवे स्त्रीसंघ निघाले आणि दोन लाखांच्या आसपास स्त्रिया त्यांत दाखल झाल्या. लिऑनमध्ये क्लोदीन तेव्हने यांनी १८१८ मध्ये स्थापलेला ‘जीझस अँड मेरी’ हा त्यांतलाच एक. रेशमाच्या धंद्याच्या त्या शहरात पोरक्या मुलींना वाचन, शिवण आणि विणकाम शिकवण्यापासून या संघाने सुरुवात केली. बेल्जियममधील लिएज येथे जान हाझ यांनी १८३३ मध्ये स्थापलेला ‘डॉटर्स ऑफ द क्रॉस’ हा संघही असाच औद्योगिक शहरातल्या गरजेतून निघाला.

भारतात या नव्या प्रकारच्या भगिनी आधी पाँडिचेरीत आल्या. क्लूनीच्या सेंट जोसेफ संघाने तिथे १८२७ मध्ये घर उघडले. मग १८४१ च्या अखेरीपासून वर्षभरात तीन संघ उतरले: कलकत्त्यात लोरेटो, मद्रासमध्ये प्रेझेंटेशन, आग्र्यात जीझस अँड मेरी. आग्र्याला जाणारी तुकडी १८४२ च्या जानेवारीत लिऑनहून निघाली आणि नोव्हेंबरात पोचली. संस्थापिका पाच वर्षांपूर्वीच वारल्या होत्या. परत जाण्याचा विचार बहुतेकींच्या मनात नसे. अशा प्रवासाला निघताना घरच्यांचा निरोप कायमचाच घ्यायचा, अशी रीत होती.

छावणी, बंदर, थंड हवा

मुंबई इलाख्यात कॅथलिक भगिनी तुलनेने उशिरा आल्या. प्रोटेस्टंट मिशनच्या सिंथिया फरार १८२७ मध्येच मुंबईत आल्या होत्या आणि पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवत होत्या. सावित्रीबाई फुले यांच्या अध्यापन-प्रशिक्षणाशी त्यांचे नाव जोडले जाते. फुले दांपत्याची भिडेवाड्यातली शाळा १८४८ ची. या तारखा समोर ठेवल्या की दख्खनमध्ये मुलींची पहिली शाळा धर्मभगिनींनी काढली, हा समज टिकत नाही.

उशिराचे एक कारण घरातले भांडण. पोर्तुगीज राजसत्तेच्या आश्रयाखालचे ‘पाद्रुआदो’ आणि थेट रोमच्या अखत्यारीतले ‘प्रोपगांडा’ यांच्यात मुंबईतल्या चर्चांच्या ताब्यावरून दीर्घकाळ वाद चालला. कॅपुचिन बिशप अनास्तासियुस हार्टमन यांनी १८५० पासून मुंबईचा कारभार पाहिला. १८५४ मध्ये मुंबई आणि पुणे असे दोन स्वतंत्र धर्मविभाग झाले, मग जर्मन जेझुइट आले आणि घडी बसू लागली. त्याच १८५४ मध्ये वुडचा खलिता निघाला आणि खासगी शाळांना सरकारी अनुदान मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. धर्मसत्तेची घडी आणि सरकारी पैसा या दोन गोष्टी एकाच वेळी जुळल्या.

पुण्यात जीझस अँड मेरीचे कॉन्व्हेंट १८६० मध्ये कॅम्पात उघडले. जागेची निवड सगळे सांगते. कॅम्पात आयरिश शिपाई होते, त्यांच्यासाठी १८५० मध्ये सेंट पॅट्रिक चर्च बांधले गेले होते. गोव्याचे आणि तमिळ कॅथलिकही तिथेच वस्तीला होते. शिपाई मेला की मागे राहायची ती बायको आणि मुले, आणि पलटण हलली की मुलांची शाळा सुटायची. पेठांतल्या मराठी मुलींसाठी हे घर उघडले नव्हते. डॉटर्स ऑफ द क्रॉस १८६२ मध्ये कराचीत उतरल्या, पाठोपाठ वांद्र्यात आल्या आणि १८९५ मध्ये त्यांनी पाचगणीत सेंट जोसेफ कॉन्व्हेंट काढले. म्हणजे छावणी, बंदर, थंड हवेचे ठिकाण.

पुणे धर्मप्रांत १८८६ मध्ये झाला. बिशप बाइडरलिंडन यांच्यानंतर १९०७ मध्ये आलेले बिशप हाइनरिश ड्योरिंग हे नगर मिशनमधून तयार झालेले. त्यांनीच १९०३ मध्ये ‘निरोप्या’ हे मराठी मासिक सुरू केले, जे आजही निघते. नगरच्या खेड्यांत आधी फादर आणि ‘मास्तर’ म्हणून ओळखले जाणारे धर्मशिक्षक, म्हणजे कॅटेकिस्ट, पोचले, भगिनी नंतर. महार आणि मांग कुटुंबांतून आलेल्या या नव्या ख्रिस्ती समाजाच्या मुलींना शिकवायला बायकाच लागत, आणि फादरांना ते काम करता येत नसे. बोर्डिंग, दवाखाना आणि शिवणवर्ग ही तीन कामे भगिनींकडे आली ती या गरजेतून. इथे भाषा मराठीच होती, दुसरा पर्यायच नव्हता.

आता बारामती–इंदापूर. हा प्रदेश सरकारी कागदपत्रांत दुर्लक्षित मुळीच नव्हता. इंदापूर तालुक्यात १८३६ मध्ये झालेली जमीनमोजणी मुंबई इलाख्यातल्या रयतवारी पद्धतीचा नमुना ठरली. सावकारांविरुद्धच्या दंग्यांचा भडका १८७५ च्या मे महिन्यात सुप्याला उडाला. ते सुपे आज बारामती तालुक्यात आहे. पण इथे ना छावणी होती, ना थंड हवा, ना आधीपासूनची कॅथलिक वस्ती. विसाव्या शतकाच्या आरंभी बारामतीत मिशन आले ते ऑस्ट्रेलियाच्या चर्चेस ऑफ ख्राईस्टचे, प्रोटेस्टंट. शेजारच्या दौंड तालुक्यात केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन उभे राहिले, तेही प्रोटेस्टंट. आणि कालव्याच्या पाण्याने जो बागाईतदार वर्ग तयार केला, त्याने पुढे स्वतःच्या शिक्षणसंस्था काढल्या: बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ मध्ये, विद्या प्रतिष्ठान १९७२ मध्ये. त्याआधीपासून लोकल बोर्डाच्या शाळा आणि रयत शिक्षण संस्थेचे जाळे होतेच. शिक्षिका-भगिनींच्या पहिल्या नकाशात कोऱ्हाळ्याचा हा पट्टा नसण्याची कारणे अशी ऐहिक आहेत, आणि मला ती धार्मिक कारणांपेक्षा जास्त पटतात.

घर वसते कसे

धर्मभगिनींच्या भाषेत नव्या ठिकाणी जाणे म्हणजे ‘घर उघडणे’. बिशपचे निमंत्रण लागते, संघाच्या प्रमुखांची संमती लागते, आणि सामान्यतः निदान तिघी एकत्र राहाव्यात अशी अपेक्षा असते. एक मुख्य, तिला पूर्वी सगळीकडे ‘मदर’ म्हणत. एक शिकवणारी, एक स्वयंपाक आणि दवाखाना पाहणारी. पहिली खोली प्रार्थनेची. पहाटेची घंटा, मिस्सा, मग शाळा. सुरुवातीच्या महिन्यांत बहुतेक वेळ पाणी, भिंत आणि शौचालय यांतच जातो.

घराचा जमाखर्च एका साध्या तत्त्वावर चालतो. एका आवारात दोन शाळा किंवा एक शाळा आणि एक अनाथालय; फी देणाऱ्या मुलींच्या पैशांतून फी न देणाऱ्या मुली जेवतात. युरोपात रुळलेली ही पद्धत इथे आली तेव्हा तिला वर्णाची आणि जातीची किनार लागली. एका दारातून गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुली, दुसऱ्या दारातून ‘नेटिव्ह’ पोरक्या मुली. भगिनींमध्येही दोन स्तर होते: शिकलेल्या, हुंडा घेऊन आलेल्या ‘क्वायर सिस्टर’ आणि घरकाम करणाऱ्या ‘ले सिस्टर’. भारतीय मुली संघात येऊ लागल्या तेव्हा त्यांना कोणत्या स्तरात घ्यायचे, हा प्रश्न ठिकठिकाणी उभा राहिला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ च्या आदेशानंतर ही दोन स्तरांची रचना गेली.

पगाराची व्यवस्थाही समजून घेण्यासारखी आहे. अनुदानित शाळेतली सिस्टर इतर शिक्षकांसारखीच वेतनश्रेणीवर असते, तिच्या नावावर पगार निघतो आणि दारिद्र्याच्या व्रतामुळे तो पूर्ण संघाच्या खात्यात जातो. तिच्या हाती खर्चापुरते येते. व्रत घेतलेली व्यक्ती मालमत्तेच्या दृष्टीने ‘मृत’ मानावी, हा चर्चच्या कायद्यातला जुना विचार. त्या आधारे या पगारावर आयकर कापू नये, अशी सवलत ब्रिटिश काळापासून चालत आली होती. तमिळनाडू आणि केरळमधील प्रकरणे सर्वोच्च न्यायालयात गेली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने संघांची अपिले फेटाळली: पगार व्यक्तीला मिळतो, तो ती कुणाला देते हा तिचा प्रश्न. निकाल कराबद्दलचा असला तरी खेड्यातल्या घराचा खर्च ज्या पैशावर चालतो, त्याला तो थेट लागतो.

चार दृष्टी

या इतिहासाकडे पाहण्याच्या मुख्य दृष्टी चार आहेत. त्या एकमेकींना पूर्ण छेद देत नाहीत.

पहिली संघांची आणि चर्चची. अर्नेस्ट हल यांच्या मुंबई मिशनच्या इतिहासापासून ते प्रत्येक कॉन्व्हेंटच्या शताब्दी-ग्रंथापर्यंत ही परंपरा आहे. तिची ताकद म्हणजे साधने: घराची दैनंदिनी, मातृगृहाला पाठवलेली पत्रे, वारलेल्या भगिनींची चरित्रे. मर्यादा अशी की या लेखनात विद्यार्थिनी क्वचितच बोलतात, आणि अपयश आले तर ते हवामानाचे असते, धोरणाचे नसते. तरीही या साधनांना हलके लेखणे चुकीचे ठरेल. दख्खनमधल्या बायकांनी शंभर वर्षांपूर्वी रोजच्या रोज लिहून ठेवलेला असा दस्तऐवज फारसा कुठे मिळत नाही. मराठीत कामिल पारखे यांनी मिशनरींच्या कार्यावर सातत्याने लिहून हा विषय चर्चच्या आवाराबाहेर आणला.

दुसरी दृष्टी वसाहतवादाच्या अभ्यासकांची. केनेथ बॉलहॅचेट यांच्या १९९८ च्या ग्रंथाने भारतीय कॅथलिक समाजातली जात आणि वर्ग यांची गुंतागुंत, बिशपांच्या पत्रव्यवहारासह, समोर ठेवली. कॉन्व्हेंटने इंग्रजी बोलणारा, साहेबी वळणाचा वर्ग घडवला, जातीशी तडजोड केली आणि वर्णभेद शाळेच्या रचनेतच मुरवला, असा हा आक्षेप आहे. त्याला उत्तर मिळते ते खेड्यांकडून. नगरच्या मराठी बोर्डिंगांना हे वर्णन लागू पडत नाही. पण शहरातल्या शाळांपुरता आक्षेप भक्कम आहे, आणि आजही गावोगावी ज्या शाळा धर्मभगिनींशी काही संबंध नसताना ‘कॉन्व्हेंट’ म्हणून पाटी लावतात, त्या त्याच शहरी नमुन्याच्या प्रतिष्ठेची साक्ष देतात.

तिसरी दृष्टी स्त्रीवादी इतिहासाची, आणि माझ्या मते या क्षेत्रातले सर्वांत ताजे काम तिथेच आहे. लग्न आणि माहेर यांच्या बाहेर, जमीन विकत घेणाऱ्या, इमारती बांधणाऱ्या, पैसा उभा करणाऱ्या, समुद्र ओलांडणाऱ्या बायका म्हणून भगिनींकडे पाहिले पाहिजे, असे हे अभ्यासक म्हणतात. सारा कर्टिस यांचा फ्रेंच भगिनींवरचा २०१० चा ग्रंथ या वाटेवरचा. प्रश्न असा की एका स्त्रीचे स्वातंत्र्य दुसरीवरच्या अधिकारातून आले असेल, तर त्याचे काय करायचे?

याचे सर्वांत चांगले उत्तर एका कॅथलिक नसलेल्या उदाहरणात सापडते. इंग्लंडच्या वाँटेज इथल्या अँग्लिकन भगिनींचे पुण्यात काम होते. पंडिता रमाबाई त्यांच्याच आश्रयाने इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी तिथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या गुरू सिस्टर जेराल्डिन. पुढची काही वर्षे दोघींत पत्रांतून जे चालले ते प्रेमाचेही होते आणि झगड्याचेही. रमाबाईंनी शाकाहार सोडला नाही. क्रूसावर लॅटिन अक्षरे असतात, ती आपल्या लोकांना कळत नाहीत, मग संस्कृत का नको, हा त्यांचा सवाल होता. चेल्टनहॅमच्या कॉलेजात शिकवण्या-शिकण्याच्या काळात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असे भारतातल्या बिशपांचे मत पडले, तेव्हा ज्या देशात आपण पुरुषांच्या सभांत व्याख्याने दिली तिथल्या चालीरीती आपल्याला कोण शिकवणार, असा त्यांचा रोख होता. जेराल्डिनना आज्ञापालन हा श्रद्धेचा भाग वाटत होता, रमाबाईंना सदसद्विवेक. हा पत्रव्यवहार सिस्टर जेराल्डिन यांनीच जुळवून ठेवला आणि अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने तो प्रसिद्ध केला. उमा चक्रवर्ती आणि मीरा कोसंबी यांच्या लेखनाला त्याचा मोठा आधार आहे. कॅथलिक घरांतही अशा जोड्या असणारच: एक युरोपियन मदर, एक मराठी नवशिकी. त्यांची पत्रे अजून कुणी अशी समोर मांडलेली नाहीत.

चौथी दृष्टी धर्मांतराच्या प्रश्नातून येते. नागपूर राजधानी असलेल्या तत्कालीन मध्य प्रदेश सरकारने नेमलेल्या नियोगी समितीने १९५६ च्या अहवालात शाळा, दवाखाने आणि वसतिगृहे ही धर्मांतराची साधने म्हणून वापरली जातात, असा निष्कर्ष काढला आणि धर्मांतर हाच मुख्य हेतू असलेल्या परदेशी मिशनरींना परत पाठवण्याची शिफारस केली. कॅथलिक बाजूने समितीच्या पद्धतीवर आणि पुराव्यावर आक्षेप घेतले गेले. दलित ख्रिस्ती विचारवंतांचे म्हणणे या दोघांहून वेगळे आहे: धर्म बदलणारा माणूस केवळ फसलेला किंवा केवळ उद्धरलेला नव्हता, तो हिशेब करून निर्णय घेत होता, आणि मुलीची शाळा हा त्या हिशेबातला मोठा आकडा होता. पण पुढे त्याची कोंडी झाली. १९५० च्या अनुसूचित जातींच्या राष्ट्रपती-आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्यांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या नाहीत, आणि १९५६ मध्ये बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेने महार समाजापुढे दुसरी वाट उघडली. बोर्डिंगमधल्या मुलीची फी कुणी भरायची, इतक्या साध्या प्रश्नावर हे सारे येऊन आदळत होते.

स्वातंत्र्यानंतर

पहिल्या महायुद्धात जर्मन जेझुइटांना नगरच्या छावणीत ठेवून नंतर मायदेशी धाडले गेले, तेव्हाच परकीय मनुष्यबळावर उभ्या असलेल्या मिशनची नाजूक बाजू दिसली होती. भारतीय भगिनींकडे वळणे त्यानंतर अटळ झाले. डॉटर्स ऑफ द क्रॉसच्या जर्मन भगिनी ॲना हुबेर्टा रोगेनडॉर्फ यांनी १९४२ मध्ये अंधेरीत ‘हेल्पर्स ऑफ मेरी’ हा भारतीय मुलींचा संघ स्थापला. केरळात तर देशी संघाची परंपरा १८६६ पासूनची, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रातल्या बऱ्याच घरांत केरळच्या भगिनी आल्या. वसईच्या मराठी कॅथलिक कुटुंबांनीही अनेक मुली दिल्या.

कामाचे स्वरूपही बदलले. ‘डॉटर्स ऑफ द हार्ट ऑफ मेरी’ या झगा न घालणाऱ्या संघाने १९५५ मध्ये मुंबईत निर्मला निकेतन हे समाजकार्य महाविद्यालय काढले. त्याच संघाच्या हेझल डिलिमा यांनी महाराष्ट्रातल्या पंचायत राज्यातील स्त्री-सदस्यांवर अभ्यास करून १९८३ मध्ये तो ग्रंथरूपाने दिला; आरक्षण येण्याच्या काही वर्षे आधी. शाळेची चौकट सोडून गावाकडे जाण्याची ही वाट अनेक संघांनी धरली. त्यावर संघांच्या आतच दोन मते आहेत. शाळा सोडली तर कायमची पकड जाते, असे एक. शाळेने आपल्याला मध्यमवर्गाच्या चाकरीला लावले, असे दुसरे.

कायद्याची बाजू अजून हलती आहे. घटनेच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना शाळा चालवण्याचा हक्क दिला. २०१४ च्या प्रमती निकालाने अशा शाळांना शिक्षणहक्क कायद्यातून वगळले. महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पीठाने त्या निकालावर शंका व्यक्त करून तो मोठ्या पीठाकडे विचारार्थ पाठवण्याची वाट धरली. राज्याच्या २०२० च्या कायद्याने सर्व शाळांत मराठी सक्तीची केली आहे, त्यामुळे शहरी कॉन्व्हेंटमध्येही मराठीच्या तासाला वजन आले.

काय सुटलेले नाही

पहिला मोठा प्रश्न साधनांचा. संघांचे कागद लिऑन, लिएज आणि रोममध्ये विखुरलेले, आणि फ्रेंच किंवा जर्मनमध्ये. मराठी अभ्यासकाला तिथवर पोचणे अवघड. पोचणाऱ्याला बहुधा मराठी येत नाही. त्यामुळे एकाच घरावर दोन्ही बाजूंची साधने ठेवून केलेला अभ्यास दुर्मीळ.

दुसरा प्रश्न श्रेयाचा. घर ‘उघडले’ म्हणून मदरचे नाव कोरले जाते. तिला मराठी शिकवणारा मास्तर, मुलींना गावातून बोर्डिंगपर्यंत आणणारी कॅटेकिस्टची बायको, विहिरीसाठी जमीन देणारा शेतकरी, भाकऱ्या थापणारी बाई यांच्याशिवाय ते घर महिनाभरही चालले नसते. त्यांची नावे खर्चाच्या वहीत आहेत, इतिहासात नाहीत.

तिसरा प्रश्न चर्चच्या आतला आहे. भगिनींचे श्रम आणि त्यांना असलेला निर्णयाचा अधिकार यांत मोठी तफावत आहे, हे आता भगिनीच लिहितात. २०२१ मध्ये भारतातील स्त्रीसंघांच्या प्रमुखांच्या उत्तरांवर आधारलेला लिंगभावी न्यायाबद्दलचा अभ्यास प्रसिद्ध झाला. इतिहासकारांनी ही तक्रार आजची म्हणून बाजूला ठेवू नये. १९०० पूर्वीची कायदेशीर स्थिती पाहिली की तिची मुळे दिसतात.

चौथा प्रश्न मोजणीचा, आणि कालव्याकाठच्या पट्ट्याला तो सर्वांत जवळचा. भगिनींच्या शाळेने मुलींच्या शिक्षणावर नक्की काय परिणाम केला? याचे उत्तर द्यायचे तर तुलना लागते: जिथे त्या गेल्या आणि जिथे गेल्या नाहीत. राहुरीकडचे मिशनचे एखादे गाव आणि बारामतीकडचे कोऱ्हाळ्यासारखे गाव, दोन्ही दुष्काळी, पुढे दोन्हीकडे ऊस, एकीकडे बोर्डिंग आणि दुसरीकडे लोकल बोर्डाची शाळा. अशी जोडी घेऊन बसणाऱ्याला परदेशातल्या दफ्तरखान्याची गरज नाही. महाराष्ट्रातल्या प्रत्येक जुन्या शाळेत जनरल रजिस्टर असते आणि ते कायमचे जपायचे असते. त्यात मुलीचे नाव, जात, धर्म, जन्मतारीख, दाखल झाल्याची इयत्ता, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण असे रकाने असतात. बोर्डिंगच्या शाळेतही हेच रजिस्टर, लोकल बोर्डाच्या शाळेतही हेच. शाळा सोडण्याच्या कारणांचे दोन्हीकडचे रकाने शेजारी ठेवून कुणी वाचले, तर मुली कितव्या इयत्तेत आणि कशामुळे थांबल्या हे दिसू लागेल, आणि आज स्मरणिका आणि आरोपपत्र यांच्यात अडकलेल्या चर्चेला पहिल्यांदा आकडे मिळतील.